लुगड्याचे सात जन्म

वेरूळ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें कैलासाचें अजस्र लेणें उभें राहतें, आणि हा वक्ता आतां राष्ट्रकूट राजांची वंशावळ सांगूं लागणार, अशी भीति आपणांस वाटली असेल. ती मनांतून काढून टाकावी. मी आज वंशावळच सांगणार आहें, परंतु ती एका लुगड्याची.

माझी आजी वेरूळची माहेरवाशीण. तिच्या हिशेबीं नऊवारी लुगड्यास सात जन्म असत. पहिला अर्थात् लुगड्याचा. मधला भाग विरला, म्हणजे धडक्या पदराकांठांतून नातीचें परकर-पोलकें निघे, तो दुसरा. तें तोकडें झालें कीं बाळाचें दुपटें, कारण धुवून धुवून मऊ झालेल्या कापडासारखें नव्यानें जन्मलेल्या अंगाला दुसरें कांहीं सोसत नाहीं. चौथ्या जन्मीं वाकळ. वाकळ फाटली म्हणजे तिच्या चिंध्यांची चुंबळ होऊन घागरीखालीं बसे. चुंबळ उसवली कीं पोतेरें होऊन ती चुलीपाशीं सारवणाला लागे. सातवा जन्म घराबाहेरचा, तो पुढें सांगतों.

या सर्वांत वाकळेचा जन्म मोठा थाटाचा. सुगी आटोपल्यावर दुपारीं ओसरीवर एक धडसें लुगडें अंथरीत, त्यावर चिंध्यांचे थर नीट बसवीत, वरून दुसरें लुगडें घालीत, आणि चार बाजूंस चार बायका बसून कडेपासून आंत आंत धावदोरा घालीत येत. टांके जसजसे मध्याकडे सरकत तसतशा बायकाही जवळ येत आणि बोलणींही खासगी होत. घरांतील पुरुषांच्या खोडींचा यथास्थित समाचार याच वेळीं घेतला जाई. आजोबा पलीकडे माजघरांत पोथी उघडून बसत. मात्र तेवढा वेळ पोथीचें पान उलटत नसे. एकदां न राहवून ते म्हणाले, "या घरांत जुनें झालेलें सगळें कामास येतें, मीच काय तो वाया चाललों आहें." आजीनें सुईंत दोरा ओंवीत उत्तर दिलें, "अहो, वाकळेस निदान मऊपणा तरी लागतो." आजोबांनीं पोथी मिटली.

थट्टा ही वेरूळास नवी नाहीं. येथील रामेश्वर लेण्यांत, म्हणजे एकविसाव्या क्रमांकाच्या लेण्यांत, शिवपार्वती द्यूत खेळत बसली आहेत आणि खालीं शिवाचे गण बिचाऱ्या नंदीस छळीत आहेत. हें लेणें सहाव्या शतकाच्या सुमाराचें. तेव्हां दुपारच्या डावाची आणि दावणीच्या बैलाशीं चालणाऱ्या पोरांच्या दांडगाईची परंपरा किती जुनी आहे, हें सांगावयास नको. धुमार लेण्यांत तर पार्वती फांसा टाकणार तोंच शिवानें तिचा हात धरलेला आहे. रडीचा डाव देवाधिदेवालाही सुटला नाहीं! मोठमोठे पंडित या शिल्पांपुढें उभे राहून गूढार्थ काढतात; माझ्या आजीस तो संसार वाटे, आणि मला वाटतें ज्या कारागिराच्या हातीं छिन्नी होती त्यालाही तसेंच वाटत असावें.

याच गांवच्या पाटलांच्या घराण्याचें भाग्यही एका थट्टेनें फिरलें, असें बखरकार सांगतात. मालोजी भोसले शिमग्याच्या रंगासाठीं लखुजी जाधवरावांच्या वाड्यांत गेले असतां लहानगे शहाजी व जिजाऊ एकमेकांवर रंग उडवूं लागले, आणि हा जोडा शोभतो असें जाधवराव हंसत म्हणून गेले. मालोजींनीं तत्काळ उठून सर्वांस साक्षी ठेविलें, कीं आजपासून आम्ही व्याही झालों. वाड्यांतील बायकांस ही सोयरीक रुचली नाहीं. थट्टेचा कलह झाला आणि भोसले वेरूळास परतले. पुढें तोच विवाह झाला, व 1630 सालीं शिवनेरीवर काय घडलें तें आपण जाणतांच. बखरीचें अक्षर न् अक्षर खरें मानावें असा माझा आग्रह नाहीं. परंतु थट्टेंत दिलेला शब्द कोणी खरा धरील, हें भान ठेवून आमच्या ओसरीवरच्या बायका सोयरिकीविषयीं थट्टा करीत नसत, एवढें खरें.

आतां सातवा जन्म. वेरूळचा घाट चढून खुलताबादवरून दौलताबादेकडे जातांना वाटेंत कागजीपुरा लागतो. येथें पिढ्यानुपिढ्या हातकागद होत आला, आणि तो चिंध्यांचा. चिंध्या चुन्याच्या पाण्यांत भिजवाव्या, ढेंकीखालीं कुटाव्या, लगदा हौदांत कालवून चाळणीसारख्या पडद्यावर उचलावा, पानें वाळवून खळ द्यावी आणि गुळगुळीत दगडानें घोटावीं. दौलताबादी कागद मराठी दफ्तरांतून प्रसिद्ध होता. म्हणजे कोणा शेतकरणीच्या लुगड्यावर पुण्याच्या कारकुनानें सनद लिहिली असेल! आजोबांच्या पोथीकडे बोट दाखवून आजी म्हणे, "आमचींच लुगडीं वाचतां आणि आम्हांलाच ज्ञान सांगतां."

काटकसर गरिबाचीच, असेंही नाहीं. खुलताबादेस औरंगजेबाची उघडी, साधी कबर आहे. टोप्या शिवून मिळालेले चार रुपये दोन आणे आपल्या कफनासाठीं खर्चावे, असें त्याच्या नांवें चालत आलेल्या मृत्युपत्रांत आहे. आयुष्यभर मुलूख जिंकण्यांत खजिने रिते करणाऱ्या बादशहानें शेवटीं शिलाईच्या पैशांचा हिशेब ठेवावा! आजीस ही गोष्ट सांगितली तेव्हां तिनें एवढेंच विचारलें, "टांका बारीक होता का?"

आमची वाकळ तिनें माझ्या लहानपणीं शिवली. रात्रीं निजवितांना ती एकेका ठिगळावर माझें बोट ठेवून ओळख करून देई: ही आत्याच्या लग्नांतली, ही पणजीची काशीयात्रेची, हा आजोबांचा पंचा, म्हणून खरखरीत. मध्यावर एक हिरवें ठिगळ होतें. त्याची ओळख ती थट्टेनें करून देत नसे. तें माझ्या आईचें होतें. मी तीन वर्षांचा असतांना ती गेली, आणि तिचा चेहरा मला आठवत नाहीं.

पुढें वाकळ विरली. पाहुण्या बायका चिंध्या निवडूं लागल्या, चुंबळीच्या वेगळ्या, पोतेऱ्याच्या वेगळ्या. आजीनें कात्री घेतली नाहीं. सुईच्या टोंकानें एकेक टांका उसवून तो हिरवा तुकडा सोडविला, धुतला, आणि घडी करून माझ्या पाटीदप्तरांत ठेविला. वर म्हणाली, "पाटी पुसायला हो." मी त्या तुकड्यानें पाटी कधीं पुसली नाहीं, आणि पाटी पुसलेली दिसत नाहीं म्हणून ती कधीं रागावलीही नाहीं.