ऑस्ट्रसिझम

प्राचीन अथेन्सच्या नगरराज्यात एखाद्या प्रभावी नागरिकास मतदानाने दहा वर्षांसाठी देशाबाहेर पाठविण्याची पद्धत. या मतदानासाठी मातीच्या फुटक्या भांड्यांचे तुकडे, म्हणजे खापरे, वापरीत. अशा तुकड्याला ग्रीक भाषेत ‘ऑस्ट्राकॉन’ म्हणत व त्यावरून या पद्धतीला हे नाव पडले. मराठीत या संज्ञेचा अर्थ सामान्यतः ‘बहिष्कार’ किंवा ‘वाळीत टाकणे’ असा देतात. तथापि मूळ अथेनियन पद्धत त्याहून अगदी भिन्न होती. वाळीत टाकलेला माणूस गावातच राहतो आणि गावकरी त्याच्याशी असलेला सर्व व्यवहार तोडतात. अथेन्समधील हद्दपार नागरिक गाव सोडून जाई. पण त्याची मालमत्ता, तिचे उत्पन्न आणि त्याचे नागरिकत्व अबाधित राही. त्याच्यावर कोणताही आरोप ठेवलेला नसे. त्यामुळे ऑस्ट्रसिझम ही शिक्षा नव्हती. यादवी टाळण्यासाठी योजिलेला तो एक राजकीय उपाय होता. इ. स. पू. ४८७ ते सु. ४१६ या सुमारे सत्तर वर्षांच्या काळात अथेन्समध्ये तो अंमलात आला.

पार्श्वभूमी : या पद्धतीचे प्रयोजन समजण्यासाठी तत्पूर्वीचे अथेन्सचे राजकारण ध्यानात घेणे आवश्यक आहे. इ. स. पू. सहाव्या शतकात अथेन्समधील सरदार घराण्यांत सत्तेसाठी सतत स्पर्धा चाले. जो गट विजयी होई, तो प्रतिपक्षाला सहकुटुंब देशोधडीला लावी. पराभूत गट परकीयांचे साहाय्य घेऊन परत येई आणि हेच चक्र उलट्या दिशेने फिरू लागे. पायसिस्ट्राटस या जुलमी सत्ताधीशाने स्वतः दोनदा सत्ता गमावून तिसऱ्यांदा ती बळाने मिळविली. त्याचा मुलगा हिपिअस यास इ. स. पू. ५१० मध्ये स्पार्टाच्या मदतीने हाकलण्यात आले. त्यानंतर दोनच वर्षांनी क्लीस्थेनीझ आणि इसागोरस यांच्यात संघर्ष उद्‌भवला. इसागोरसने स्पार्टाचा राजा क्लीओमिनीझ यास पाचारण केले आणि, हीरॉडोटसच्या वृत्तांतानुसार, सातशे कुटुंबे अथेन्सबाहेर घालविण्यात आली. अखेर सामान्य नागरिकांनीच ॲक्रॉपलिसला वेढा घालून स्पार्टाच्या सैन्यास माघार घेण्यास भाग पाडले व क्लीस्थेनीझला परत बोलाविले. यानंतर झालेल्या सुधारणांतून अथेन्सच्या लोकशाहीचा पाया घातला गेला.

ऑस्ट्रसिझमचा कायदा क्लीस्थेनीझनेच केला, असे अथेन्सचे संविधान या ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ग्रंथात म्हटले आहे. हा ग्रंथ ईजिप्तमधील पपायरसांवर सापडला व १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. कायद्याचा पहिला वापर मात्र इ. स. पू. ४८७ मध्ये, म्हणजे सुमारे वीस वर्षांनी झाला. या अंतरामुळे कायद्याच्या कर्तृत्वाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. कारण तो पहिल्या वापराच्या सुमारासच करण्यात आला, असा उल्लेख अँड्रोशनच्या इतिहासाच्या एका उर्वरित अंशात आढळतो. कर्ता कोणीही असला, तरी कायद्यामागील विचार स्पष्ट आहे. कोणी देशात राहावे आणि कोणी जावे, हे ठरविण्याचा अधिकार सरदारांच्या टोळ्यांकडून काढून तो समस्त नागरिकांच्या हाती देण्यात आला. सातशे कुटुंबांऐवजी एक मनुष्य, तलवारीऐवजी खापर आणि अनिश्चित काळाच्या वनवासाऐवजी दहा वर्षांची मुदत, असे हे परिवर्तन होते. सारा फोर्सडाइक यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या दृष्टीने ऑस्ट्रसिझमची सविस्तर मीमांसा केली आहे.

कार्यपद्धती : अथेन्सचे राजकीय वर्ष दहा कालखंडांत विभागलेले होते. त्यांपैकी सहाव्या कालखंडात, म्हणजे हिवाळ्यात, नागरिकसभेपुढे एकच प्रश्न ठेवीत : यंदा ऑस्ट्रसिझम घ्यावा किंवा कसे? या वेळी कोणाचेही नाव घेत नसत. बहुमत अनुकूल पडल्यास आठव्या कालखंडात प्रत्यक्ष मतदान होई. त्यामुळे दोन्ही प्रसंगांच्या दरम्यान काही आठवड्यांचा अवधी राही. या अवधीत क्षोभ निवळण्यास, प्रतिपक्षांना तडजोड करण्यास आणि अर्थातच प्रचार करण्यासही वाव मिळे.

मतदानाच्या दिवशी अगोरा या नगरचौकाचा एक भाग फळ्यांनी बंदिस्त करून त्यास दहा प्रवेशद्वारे ठेवीत. प्रत्येक नागरिक आपापल्या गणासाठी राखलेल्या द्वाराने आत जाई आणि ज्याला घालवावयाचे त्याचे नाव कोरलेले खापर, लिहिलेली बाजू खाली करून, टाकी. नऊ आर्कन आणि पाचशे सभासदांचे मंडळ या कामावर देखरेख करीत. भाषणे, आरोप किंवा बचाव यांस तेथे स्थान नव्हते. निर्णयासाठी सहा हजार ही संख्या आवश्यक होती. प्लूटार्कच्या मते ती एकूण मतांची किमान संख्या होय. फिलोकोरसच्या मते मात्र एकाच व्यक्तीविरुद्ध तेवढी मते पडावी लागत. बहुतेक आधुनिक अभ्यासक प्लूटार्कचे मत ग्राह्य धरतात. पाचव्या शतकातील प्रौढ पुरुष नागरिकांची संख्या साधारणपणे तीस हजार मानली, तर सहा हजार ही संख्या त्यांचा पाचवा हिस्सा ठरते. स्त्रिया, गुलाम आणि अथेन्समध्ये स्थायिक झालेले परदेशी यांना या मतदानात, तसेच इतर कोणत्याही मतदानात, स्थान नव्हते. ज्याच्या विरुद्ध सर्वाधिक मते पडत, त्याने दहा दिवसांत अथेन्स सोडावे लागे.

हद्दपार झालेले नेते : पहिला हद्दपार नागरिक हिपार्कस हा पायसिस्ट्राटसच्या नातेवाइकांपैकी होता. मॅरॅथॉनच्या लढाईत (इ. स. पू. ४९०) पदच्युत हिपिअस इराणी सैन्याबरोबर आला होता, त्यामुळे त्याच्या आप्तांविषयी अथेन्समध्ये संशय होता. पुढील वर्षी मेगाक्लीझ याची पाळी आली. इ. स. पू. ४८४ मध्ये पेरिक्लीझचा पिता झँथिपस हद्दपार झाला. जुलमी सत्ताधीशांशी संबंध नसतानाही हद्दपार होणारा तो पहिलाच, अशी नोंद अथेन्सचे संविधान या ग्रंथात आहे. इ. स. पू. ४८२ मध्ये ॲरिस्टायडीझ गेला. एका निरक्षर ग्रामस्थाने ॲरिस्टायडीझला न ओळखता त्याच्याकडूनच खापरावर त्याचे नाव लिहवून घेतले, ही प्लूटार्कने सांगितलेली आख्यायिका प्रसिद्ध आहे. परंतु प्लूटार्क त्या घटनेनंतर सुमारे सहाशे वर्षांनी लिहीत होता, हे विसरता येत नाही.

या पद्धतीचे खरे स्वरूप इ. स. पू. ४८० मध्ये प्रत्ययास आले. इराणचा सम्राट झर्क्सीझ प्रचंड सैन्यानिशी ग्रीसवर चालून येत असता अथेन्सने आपल्या हद्दपार नागरिकांना परत बोलाविले. ॲरिस्टायडीझ सॅलॅमिसच्या युद्धात लढला आणि इ. स. पू. ४७९ मध्ये प्लाटीआच्या रणांगणावर त्याने अथेनियन सैन्याचे नेतृत्व केले. त्याच वर्षी मिकाली येथे झँथिपस अथेनियन आरमाराचा प्रमुख होता. ज्यांना नागरिकांनी घालविले, त्यांच्याच हाती काही वर्षांत सेना सोपविण्यात आली. नागरिकत्व व मान शाबूत राखणारी हद्दपारी असल्यामुळेच हे शक्य झाले.

सॅलॅमिसच्या विजयाचा शिल्पकार थेमिस्टोक्लीझ यालाही इ. स. पू. ४७१ च्या सुमारास अथेन्स सोडावे लागले. तो आर्गॉस येथे राहत असता त्याच्यावर इराणशी संधान बांधल्याचा आरोप आला आणि अखेरीस त्याने इराणच्याच सम्राटाचा आश्रय घेतला. इ. स. पू. ४६१ मध्ये स्पार्टाशी मैत्रीचा पुरस्कार करणारा किमॉन आणि इ. स. पू. ४४३ मध्ये पेरिक्लीझचा विरोधक थ्यूसिडिडीझ (प्रसिद्ध इतिहासकार नव्हे) हे हद्दपार झाले. या दोन्ही प्रसंगी दोन नेत्यांच्या परस्परविरोधी धोरणांपैकी एकाची निवड करण्याचे साधन म्हणून ऑस्ट्रसिझमचा उपयोग झाला.

खापरांचा पुरावा : ग्रीक ग्रंथकारांनी नेत्यांविषयी लिहिले, मतदारांविषयी मात्र त्यांनी फारसे लिहिले नाही. ती उणीव उत्खननांनी भरून काढली आहे. अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी अगोरात १९३१ पासून केलेल्या उत्खननांत आणि जर्मन पुरातत्त्वज्ञांनी केरामायकॉस या कुंभारवाड्याच्या व दफनभूमीच्या परिसरात केलेल्या उत्खननांत अशी खापरे मोठ्या प्रमाणावर मिळाली. १९६५ ते १९६८ या काळात केरामायकॉस येथे एरिडॅनॉस या ओढ्याच्या जुन्या पात्रातील भरावात सु. साडेआठ हजार खापरांचा साठा आढळला. अथेन्समध्ये आजवर सापडलेल्या खापरांची एकूण संख्या अकरा हजारांच्या वर आहे. केरामायकॉसच्या साठ्यात चार हजारांहून अधिक खापरांवर मेगाक्लीझचे, तर सु. दोन हजारांवर थेमिस्टोक्लीझचे नाव आहे. एकाच भांड्याच्या जुळणाऱ्या तुकड्यांवर या दोघांचीही नावे आढळल्यामुळे तो साठा एकाच मतदानाचा असावा आणि ते मतदान इ. स. पू. ४७० च्या आसपासचे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

काही खापरांवर मतदारांनी नावासोबत आपला रागही कोरून ठेवला आहे. एकाला घोडे पाळणारा श्रीमंत म्हणून हिणविले आहे, एकाला देशद्रोही म्हटले आहे, तर किमॉनने आपली बहीण एल्पिनिसी हिला बरोबर घेऊन चालते व्हावे, असे एकाने सुचविले आहे. क्रेटिअसचा पुत्र कॅलिअस यास काहींनी ‘मीड’, म्हणजे इराणी, ठरविले असून एका खापरावर इराणी धनुर्धाऱ्याचे चित्रही काढले आहे. काही मतदारांनी कोणाही पुढाऱ्याचे नाव न लिहिता ‘लिमॉस’, म्हणजे भूक किंवा दुष्काळ, यालाच हद्दपार करावे असे लिहिले. कॅलिक्सेनस या व्यक्तीविरुद्धची अडीचशेहून अधिक खापरे अगोरात मिळाली आहेत. पण कोणाही ग्रीक ग्रंथकाराने त्याचा उल्लेख केलेला नाही. तत्कालीन राजकारणातील एक महत्त्वाचा पुरुष केवळ या तुकड्यांमुळे इतिहासाला ज्ञात झाला.

या पुराव्याला दुसरीही बाजू आहे. ॲक्रॉपलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत १९३७ मध्ये थेमिस्टोक्लीझच्या नावाची सु. १९० खापरे एकत्र सापडली. अक्षराच्या वळणावरून ती केवळ चौदा-एक व्यक्तींनी लिहिली असल्याचे दिसून आले. मतदारांना वाटण्यासाठी ती आगाऊ तयार करून ठेवली असावीत. लिहिता न येणाऱ्यांची ती सोय असेल किंवा संघटित विरोधकांची योजना असेल. परंतु लोकमत घडविण्याची यंत्रणा लोकशाहीइतकीच जुनी आहे, हे त्यांवरून दिसून येते.

इतर नगरराज्ये : आर्गॉस, मेगारा व मायलीटस येथेही ही पद्धत असल्याचे उल्लेख असून मेगारा आणि काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरील केर्सोनीसस येथे प्रत्यक्ष खापरेही मिळाली आहेत. सिसिलीतील सिराक्यूज येथे इ. स. पू. पाचव्या शतकाच्या मध्यास ऑलिव्हच्या पानांवर नाव लिहून पाच वर्षांसाठी हद्दपार करीत. परंतु कर्तबगार माणसे भीतीने सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेऊ लागली. त्यामुळे तो कायदा लवकरच रद्द करण्यात आला, असे डायोडोरस सांगतो.

अखेर : इ. स. पू. ४१६ च्या सुमारास निसिअस आणि आल्सिबायडीझ या प्रतिस्पर्धी नेत्यांपैकी एक जाणार, अशी सर्वांची अपेक्षा होती. हायपर्बोलस या लोकनेत्याने मतदानाचा आग्रह धरला होता, असे प्लूटार्क सांगतो. ऐन वेळी दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनी हातमिळवणी केली आणि त्यांच्या अनुयायांच्या मतांनी हायपर्बोलसच हद्दपार झाला. इ. स. पू. ४११ मध्ये सेमॉस बेटावर त्याची हत्या झाली. निसिअस आणि आल्सिबायडीझ हे दोघेही अथेन्समध्ये राहिले. सिसिलीच्या मोहिमेवरून त्यांच्यातील वाद विकोपास गेला आणि ती मोहीम इ. स. पू. ४१३ मध्ये अथेन्सच्या सर्वनाशात परिणत झाली. ज्या पेचातून मार्ग काढण्यासाठी हा कायदा होता, तो पेच या वेळी तसाच राहिला. यानंतर ऑस्ट्रसिझम पुन्हा अंमलात आल्याची नोंद नाही. बेकायदा ठराव मांडणाऱ्यावर न्यायालयात खटला भरण्याची पद्धत रूढ झाली आणि राजकीय संघर्षाचे क्षेत्र नगरचौकातून न्यायालयात गेले. कायदा मात्र रद्द झाला नाही. ऑस्ट्रसिझम घ्यावा काय, हा प्रश्न इ. स. पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातही दरवर्षी नागरिकसभेपुढे येत असे.

मूल्यमापन : अपराध सिद्ध झाल्याविना नागरिकास घालविणे अन्यायाचे आहे, ही टीका प्राचीन काळीही झाली. अँडॉसिडीझच्या नावावर असलेल्या एका भाषणात, आरोप व बचाव यांविना माणसास देशाला मुकावे लागते, असा आक्षेप घेतलेला आहे. ॲरिस्टॉटलने या पद्धतीची तुलना शेतात इतरांहून उंच वाढलेली कणसे छाटण्याशी केली. समतोल राखण्याच्या दृष्टीने तीत काही तथ्य आहे, पण ग्रीक नगरांनी तिचा उपयोग सार्वजनिक हिताऐवजी पक्षीय हेतूंनी केला, असा अभिप्रायही त्याने दिला. हे दोन्ही आक्षेप निराधार नाहीत. तरीही सत्तर वर्षांत निश्चितपणे ज्ञात असलेल्या हद्दपार व्यक्तींची संख्या दहाच्या आसपासच आहे आणि या काळात अथेन्समध्ये यादवी युद्ध झाले नाही. इ. स. पू. ४११ आणि ४०४ मध्ये लोकशाही उलथून पडली, तेव्हा राजकीय विरोधकांचे खून झाले. ४०४ च्या तीस सत्ताधीशांच्या राजवटीत तर दीड हजारांच्या आसपास माणसे मारली गेली व असंख्य नागरिक परागंदा झाले. ऑस्ट्रसिझमची खरी तुलना निर्दोष न्यायदानाशी नव्हे, तर या रक्तपाताशी करावयास हवी. पराभूत नेत्यालाही घर, शेत आणि परतण्याचा दिवस असतो, हे तत्त्व अथेन्सच्या नागरिकांनी या पद्धतीने आचरणात आणले.