हुक्के व लाकडी धूम्रनलिका

तंबाखूचा धूर ओढण्याच्या जुन्या साधनांचा, विशेषतः त्यांच्या कोरीव वा कातीव लाकडी भागांचा, संग्रहाच्या दृष्टीने विचारात घेतला जाणारा एक गट. यूरोपमध्ये भूमध्य सागरी प्रदेशातील ब्रायर या झुडपाच्या मुळावरील गाठीपासून केलेला पाइप एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रूढ झाला. फ्रान्समधील सँ-क्लोद हे त्याचे प्रमुख केंद्र. दख्खनमध्ये मात्र लाकडाचा उपयोग मुख्यतः हुक्क्याच्या नळीपुरता राहिला. त्यामुळे बीड जिल्ह्यासह मराठवाड्यातील लाकडी धूम्रनलिकांचा विचार हुक्क्यापासून वेगळा करता येत नाही.

इतिहास : तंबाखू ही मूळची अमेरिकेतील वनस्पती. पोर्तुगीजांमार्फत ती सोळाव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली व दख्खनमध्ये पसरली. अकबराचा अधिकारी असद बेग याला ती विजापूर येथे आढळली आणि सु. १६०४-०५ मध्ये त्याने ती बादशाहास नजर केली. सोबतच्या साधनाचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. अचीनची, सुमारे तीन हात लांबीची रंगविलेली नळी, तिच्या दोन्ही टोकांना रत्नांचे व मिन्याचे काम आणि ओठांशी धरावयाचा येमेनी अकीक असे ते साधन होते. दख्खनमधून दरबारी पोहोचलेल्या या साधनाच्या वर्णनात नळीलाच अग्रस्थान आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. १६१७ मध्ये जहांगीराने धूम्रपानावर बंदी घातली. तथापि त्याचा प्रसार थांबला नाही. बीडचा प्रदेश निजामशाहीच्या अस्तानंतर (१६३६) मोगलांच्या व १७२४ नंतर हैदराबादच्या निजामाच्या सत्तेखाली आला. हुक्क्यांच्या बिदरी कामासाठी प्रसिद्ध असलेले बिदर आणि बीड ही दोन्ही ठिकाणे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होती.

रचना : हुक्क्याचे पाण्याचे भांडे, त्यातून वर जाणारी उभी नळी, नळीच्या माथ्यावरील मातीची चिलीम आणि धूर ओढण्याचा नेचा हे प्रमुख भाग होत. उभ्या नळीचे खालचे टोक पाण्यात बुडालेले असते, तर नेच्याचे तोंड भांड्यात पाण्याच्या वर राहते. ओढताना धूर पाण्यातून येऊन निवतो व गुडगुड असा आवाज होतो. त्यावरून लहान हुक्क्यास गुडगुडी हे नाव पडले. सधन घरांत जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदी जडविलेले बिदरी भांडे असे. सामान्यांचे काम नारळाच्या करवंटीवर वा नुसत्या चिलमीवर भागे. लाकडी नळी कातारी चरकावर कातून काढीत व तिच्यावर लाखेचे रंगीत पट्टे चढवीत.

जतनाचा प्रश्न : नळीचे खालचे टोक सतत ओले राहून कुजते, वरचे टोक निखाऱ्याच्या धगीने करपते आणि पोकळीत तंबाखूचा कीट साचतो. वापर थांबल्यावर वाळवी व भुंगेरे लाकूड पोखरतात. साहजिकच नळी वेळोवेळी बदलली जाई, भांडे मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिके. परिणामी देशोदेशींच्या संग्रहालयांत बिदरी भांडी विपुल असली, तरी त्यांपैकी बहुतेकांच्या मूळ नळ्या उरलेल्या नाहीत. भांड्याचा काळ त्याच्या आकारावरून अजमावता येतो. सतराव्या शतकातील भांडी गोलाकार व कड्यावर ठेवावयाची, तर पुढील काळातील भांडी सपाट तळाची व घंटेच्या आकाराची आढळतात. सुट्या नळीचा काळ ठरविण्यास असा आधार क्वचितच मिळतो. जुन्या भांड्यावर नवी नळी बसवून अखंड हुक्का म्हणून विकणे म्हणूनच सोपे जाते. कीट खरवडून नळी चकचकीत केल्यास विक्रीमूल्य वाढत असेल, परंतु वापराचा प्रत्यक्ष पुरावा नष्ट होतो.

संग्रह : लंडनचे तंबाखू-व्यापारी ॲल्फ्रेड डनहिल यांनी १९२४ मध्ये जगभरच्या धूम्रनलिकांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. भारतात हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात (स्थापना १९५१) दरबारी वैभवाच्या वस्तू प्राधान्याने आल्या, तर पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी अडकित्ते, दिवे, दौती यांसारख्या घरगुती वस्तूंनाही संग्रहात मानाचे स्थान दिले. शिर्डी येथे साईबाबांच्या (मृत्यू १९१८) चिलमी जपल्या गेल्या, त्या भाविकांच्या श्रद्धेमुळे. वैभव किंवा श्रद्धा यांपैकी कशाचेच पाठबळ नसलेली सामान्य घरातील लाकडी नळी मात्र बिडीच्या प्रसारानंतर अडगळीत व बहुधा चुलीत गेली. १९४९ मध्ये हैदराबाद राज्यातील जहागिरी रद्द झाल्या आणि हुक्का बाळगणाऱ्या सरंजामी घरांचा आर्थिक आधारही तुटला.

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाहीत आणि त्यांच्या व्यापारास परवाना लागतो. तथापि कायदा निर्यात रोखू शकतो. घरातील दुर्लक्ष रोखू शकत नाही. म्हणून संग्राहकाने नळी स्वच्छ करण्यापूर्वी ती कोणत्या गावी, कोणत्या घरात व कोणत्या भांड्यासह मिळाली याची नोंद करणे महत्त्वाचे ठरते. अशा नोंदीविना सामान्य माणसाच्या हुक्क्याचा इतिहास केवळ श्रीमंतांच्या भांड्यांवरून लिहिला जाईल.