गोव्यात जमिनीचा झोन कोण ठरवतं? पंचायतीच्या हातात काय आणि ग्रामसभेत काय मागायचं

गोव्यातल्या बहुतेक ग्रामसभांमध्ये एक प्रश्न हमखास येतो. ‘ही शेतजमीन सेटलमेंट झाली कशी?’ सरपंचांचं उत्तरही ठरलेलं असतं. ‘ते आमच्या हातात नाही.’ हे उत्तर अर्धंच खरं आहे. झोन पंचायत ठरवत नाही, पण बांधकाम परवाना तीच देते. हा फरक कळला नाही की तक्रार चुकीच्या दारात जाते आणि हरकतीची मुदत टळून जाते. गोव्यात वडिलोपार्जित जमीन असलेली, पण बेळगाव, खानापूर किंवा सावंतवाडीत राहणारी कुटुंबं तर यात हमखास मागे पडतात.

झोन ठरतो कुठे?

१९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली राज्याचा प्रादेशिक आराखडा तयार होतो. कुठली जमीन वस्तीची, कुठली शेतीची, कुठली बागायतीची हे त्यात रंगांनी दाखवलेलं असतं. काही गावं नियोजन व विकास प्राधिकरणांच्या म्हणजे पीडीएच्या हद्दीत येतात. त्यांचा आराखडा वेगळा असतो.

पहिला आराखडा १९८६ मध्ये अधिसूचित झाला. २००६ मध्ये आलेल्या ‘आराखडा २०११’ ने मोठ्या प्रमाणात हिरव्या जमिनी वस्तीखाली टाकल्या, म्हणून लोक रस्त्यावर उतरले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्यानंतर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कृती दलाने ‘आराखडा २०२१’ ची आखणी केली. त्यासाठी गावोगावच्या सूचना मागवल्या गेल्या आणि २०११ मध्ये तो अधिसूचित झाला.

मग झोन बदलतो कसा?

आराखडा तोच ठेवून एकेका सर्व्हे क्रमांकाचा झोन बदलण्याची वाट कायद्यातल्या दुरुस्त्यांनी उघडली. २०१८ मध्ये कलम १६ब आलं. २०२३ मध्ये १७(२) आलं, ज्याचा आधार होता आराखड्यातल्या ‘अनवधानाने झालेल्या चुका’ सुधारणं. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाची व्याप्ती आखडली आणि त्याखालचे नियम रद्द केले. २०२४ मध्ये आलेल्या ३९अ मध्ये झोन बदलाच्या प्रस्तावावर लोकांच्या सूचना-हरकतींसाठी किमान ३० दिवसांची मुदत ठेवली आहे.

गावकऱ्यांसाठी कामाची गोष्ट ही ३० दिवसांची मुदत. ती राजपत्रात प्रस्ताव छापून आला की सुरू होते, ग्रामसभेत विषय निघाल्यावर नाही. म्हणून आपल्या गावाचं नाव राजपत्रात आलं का, हे कुणीतरी नियमित बघायला हवं. हरकत नगरनियोजन खात्याकडे सर्व्हे क्रमांकासह लेखी द्यायची आणि पोच घ्यायची.

पंचायतीच्या हातात काय?

गोवा पंचायत राज कायदा १९९४ चा. त्याच्या कलम ६६ नुसार पंचायत क्षेत्रात बांधकामाला पंचायतीचा परवाना लागतो. त्याआधी नगरनियोजन खात्याची तांत्रिक मान्यता आणि जमीन बिगरशेती करण्याची सनद ही कागदपत्रं लागतात. अर्जावर पंचायतीने ३० दिवसांत निर्णय घ्यायचा असतो. तो घेतला नाही तर अर्जदार पंचायत उपसंचालकांकडे अपील करू शकतो. म्हणजे विषय नुसता लांबणीवर टाकून प्रकल्प थांबत नाही. परवाना नाकारायचा तर कारण लेखी आणि कायद्यात बसणारं हवं.

बेकायदा बांधकामाची तक्रारही आधी पंचायतीकडेच करायची. तिने हालचाल केली नाही तर उपसंचालकांकडे जाता येतं. आणि एक गैरसमज काढून टाकावा. घरपट्टी भरली किंवा घर क्रमांक मिळाला म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं होत नाही.

डोंगर आणि शेत

डोंगर कापायचा किंवा सखल जमिनीत भराव टाकायचा तर नगर नियोजन कायद्याच्या कलम १७अ खाली मुख्य नगरनियोजकांची लेखी परवानगी लागते. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्यांना विकण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आहेत. दुसऱ्या राज्यात राहून गोव्यातला ‘स्वस्त प्लॉट’ घेणाऱ्यांनी हे आधी तपासावं. एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव आहे म्हणून घर बांधता येतंच असं नाही. नगरनियोजन खात्याकडून झोनचा दाखला घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

पाणी, वीज, कचरा

पन्नास-शंभर फ्लॅटचा प्रकल्प आला की नळाचं पाणी आणि विजेचा भार राज्याच्या खात्यांवर येतो. गटार, अंतर्गत रस्ते आणि दारोदारचा कचरा मात्र पंचायतीच्या गळ्यात पडतो. त्यामुळे ग्रामसभेत ‘प्रकल्प नको’ एवढंच म्हणण्यापेक्षा नेमकं विचारलेलं बरं. पाणी कुठून येणार? सांडपाणी कुठे जाणार? रस्त्याची रुंदी किती? कोणत्या खात्याने ना हरकत दाखला दिला आणि कधी? उत्तरं इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत. ती दिली नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज करावा. त्याला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं.

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. नियमित ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये रविवारी होतात. राज्याची राजभाषा कोकणी असली तरी १९८७ च्या राजभाषा कायद्याने सरकारी कामात मराठीलाही जागा दिली आहे, तेव्हा अर्ज मराठीत लिहायला संकोच नको. ग्रामसभेच्या ठरावाने झोन बदलत नाही. पण मुदतीत दिलेल्या हरकतीला गावाच्या ठरावाची प्रत जोडली असेल तर ती एकट्या माणसाची तक्रार राहत नाही, आणि पुढे न्यायालयात जायची वेळ आली तर तोच कागद उपयोगी पडतो.