एकसमयावच्छेदेकरून

दोन घटना एकाच क्षणी घडल्या असे सांगण्यास 'एकदम' हा सुटसुटीत शब्द हाताशी असताना, उच्चारताना दम लागावा असा 'एकसमयावच्छेदेकरून' हा शब्द मराठीने का जतन केला, याचे उत्तर 'अवच्छेद' या पदात आहे. अवच्छेद म्हणजे मर्यादा, हद्द आखणे. आणि नव्यन्याय या तर्कशास्त्राच्या पंडितांनी ही संज्ञा इतकी काटेकोर केली की, फांदीवर माकड बसले असता त्या एकाच वृक्षाच्या ठिकाणी माकडाचा संयोग शाखावच्छेदेन आहे आणि मूलावच्छेदेन नाही, असा निवाडा ते निःसंदिग्धपणे देऊ शकत. स्थळाची ही हद्द काळाला लावली की 'एकसमयावच्छेदेन' सिद्ध होते. आणि त्यातील संस्कृत तृतीयेच्या जागी आपला जुना 'ए' प्रत्यय व त्याच्या पाठीशी, 'जेणेकरून', 'विशेषेकरून' यांत येते तसे, 'करून' आले म्हणजे हे क्रियाविशेषण मराठीच्या घरचे होते.

'एकदम'मधला 'दम' फारशी, श्वासाचा. त्यात कालांतराने अकस्मातपणाही शिरला. 'शिपाई एकदम आले' म्हटले, तर ते अचानक आले की सगळे मिळून, हे कळत नाही. परंतु सर्व तालुक्यांत हुकमाची अंमलबजावणी एकसमयावच्छेदेकरून व्हावी, असे लिहिले की कोणत्याही मामलेदारास पळवाट उरत नाही. मला हा शब्द प्रिय आहे तो याचसाठी. 'एकाच वेळी' हा पर्याय नित्य व्यवहारास पुरेसा खरा, पण जेथे काळाची मर्यादाच विवक्षित असते, तेथे तो किंचित सैल पडतो.