आवाज मोठा म्हणजे किती मोठा?

घरच्या संगणकावर गाण्यांची यादी लावून ठेवली की एक अनुभव हमखास येतो. पहिले भावगीत जुन्या तबकडीवरून उतरवून घेतलेले असते. ते नीट ऐकू यावे म्हणून आपण आवाज वाढवतो. ते संपते आणि पाठोपाठ अलीकडचे एखादे चित्रपटगीत सुरू होते. घरातले सगळे दचकतात आणि कोणीतरी धावत जाऊन आवाज कमी करतो. वर्गात ध्वनिमुद्रिते ऐकवणाऱ्या शिक्षकांनाही हे नवे नाही. मग शोधाशोध सुरू होते. स्पीकरची वायर हलवून पाहिली जाते, साउंड कार्डावर संशय घेतला जातो, क्वचित दुरुस्तीवाल्यालाही बोलावले जाते. एवढे करूनही फरक राहतोच, कारण यंत्र बहुधा ठणठणीत असते. या तक्रारीचे मूळ आवाज मोजण्याच्या रीतीत आहे आणि त्या रीतीला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. तोच आपण येथे पाहू.

तारेतला मैल

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या टेलिफोन अभियंत्यांपुढे एक व्यावहारिक प्रश्न होता. तार जितकी लांब तितका आवाज क्षीण होतो. हा क्षीणपणा आकड्यात सांगायचा कसा? त्यांनी एकक ठरवले ते 'प्रमाण केबलचा मैल'. ठराविक जाडीच्या एक मैल केबलमधून जाताना आवाज जेवढा घटतो, तेवढी घट म्हणजे एक माप. सर्वसाधारण श्रोत्याला जेमतेम जाणवेल, साधारण तेवढीच ही घट होती. पण केबलमधली घट वारंवारतेप्रमाणे बदलते, त्यामुळे हे माप गैरसोयीचे ठरले. १९२४ च्या सुमारास बेल टेलिफोनच्या अभियंत्यांनी त्याऐवजी लॉगरिथमवर आधारलेले एकक आणले. १९२८ मध्ये त्याला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून 'डेसिबल' हे नाव मिळाले.

डेसिबल हे गुणोत्तराचे माप आहे. शक्ती दसपट झाली की १० डेसिबल वाढतात, शंभरपट झाली की २० आणि हजारपट झाली की ३०. शक्ती दुप्पट झाली तर वाढ जेमतेम ३ डेसिबलची. ही रीत कानाच्या स्वभावाशीही कमीअधिक जुळते. उद्दीपन गुणाकाराने वाढत गेले तर संवेदना बेरजेने वाढते, असे जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव्ह फेक्नर यांनी १८६० मध्येच मांडले होते. त्यामुळे डेसिबल मोजले म्हणजे कानाला काय वाटते तेच मोजले, असा समज होणे साहजिक होते. तो समज फार दिवस टिकला नाही.

कानाचे मत

बेल प्रयोगशाळेतल्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी श्रोत्यांच्या कानाला ध्वनिग्राहक लावून निरनिराळ्या वारंवारतेचे शुद्ध स्वर ऐकवले. प्रत्येक स्वर १००० हर्ट्झच्या स्वराइतकाच मोठा वाटण्यासाठी त्याची पातळी किती ठेवावी लागते, हे त्यांनी श्रोत्यांनाच ठरवायला लावले. निष्कर्ष स्पष्ट होता. कान सर्व स्वरांना सारखी दाद देत नाही. १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलवर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच १०० हर्ट्झचा खर्जातला स्वर वाटायला हवा असेल, तर तो ६० डेसिबलच्याही वर न्यावा लागतो. तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास मात्र कान सर्वांत तीक्ष्ण असतो.

कालावधीचीही अशीच गोष्ट आहे. टाळीचा आवाज क्षणभर फार उंच जातो, पण कान त्या क्षणावरून मोठेपणा ठरवत नाही. तो थोड्या काळाची सरासरी घेतो. म्हणून एका सुरात चाललेली पेटी टाळीपेक्षा खालच्या शिखराची असूनही मोठी वाटू शकते.

रेडिओ केंद्रांना हे लवकर उमगले. तोवर प्रत्येक कंपनीचे मापक वेगळे असल्याने एका केंद्राने योग्य पातळीवर पाठवलेला कार्यक्रम दुसऱ्याला कमीजास्त वाटे. १९३९ मध्ये एनबीसी, सीबीएस आणि बेल प्रयोगशाळा यांनी मिळून एक समान मापक ठरवला. तो 'व्हीयू मीटर' या नावाने प्रसिद्ध झाला. जुन्या टेपरेकॉर्डरच्या दर्शनी भागावर नाचणारा काटा पुष्कळांना आठवत असेल, तोच हा. हा काटा मुद्दाम थोडा सुस्त ठेवला होता. योग्य जागी पोहोचायला तो सुमारे तीन दशांश सेकंद घेतो. त्यामुळे क्षणिक शिखरे त्याच्या नजरेतून निसटतात आणि कानाला जाणवणाऱ्या सरासरीच्या जवळपास तो राहतो.

म्हणजे १९४० पर्यंत दोन प्रश्न वेगळे झाले होते. आवाजाचे सर्वांत उंच शिखर किती, हा एक. तो एकूण किती मोठा वाटतो, हा दुसरा. पुढची सगळी गडबड पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लावल्यामुळे झाली.

छताला टेकलेला आवाज

ग्रामोफोनच्या तबकडीवर आवाज मोठा करायचा तर खाच जास्त रुंद हेलकावे घेते. मग तबकडीवर कमी मिनिटे मावतात आणि सुई उडण्याची भीती असते. त्यामुळे मोठेपणाला आपोआप आळा बसत असे. ऑक्टोबर १९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्स यांची कॉम्पॅक्ट डिस्क जपानमध्ये बाजारात आली आणि हा आळा गेला. या तबकडीत दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनितरंगाची उंची मोजून आकड्यात लिहिलेली असते. प्रत्येक आकडा १६ द्विमान अंकांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. सर्वांत वरची पायरी म्हणजे छत. त्यापलीकडे काही लिहिताच येत नाही.

छत सर्वांना सारखेच असताना एक गाणे दुसऱ्यापेक्षा मोठे कसे वाटते? दोन वर्ग डोळ्यांपुढे आणा. एका वर्गात सगळी मुले बसलेली आहेत आणि एकच उभा आहे. दुसऱ्या वर्गात सगळीच उभी आहेत. दोन्ही वर्गांत सर्वांत उंच डोके सारख्याच उंचीवर आहे, पण सरासरी उंचीत मोठा फरक आहे. ध्वनिमुद्रणातही तसेच करता येते. यंत्राच्या साहाय्याने शिखरे दाबायची आणि मग सगळाच आवाज उचलून छताला टेकवायचा. लागोपाठ ऐकलेल्या दोन गाण्यांत जरा मोठे असलेले गाणे श्रोत्याला सहसा जास्त चांगले वाटते. ही गोष्ट ध्वनिमुद्रण कंपन्यांना ठाऊक होती. त्यामुळे विशेषतः १९९० नंतर आपले गाणे शेजारच्यापेक्षा मोठे करण्याची चढाओढ लागली. तिला 'मोठेपणाचे युद्ध' असेच नाव पडले.

सप्टेंबर २००८ मध्ये मेटॅलिका या अमेरिकी वाद्यवृंदाचा 'डेथ मॅग्नेटिक' हा संच निघाला, तेव्हा हे युद्ध चव्हाट्यावर आले. छताला टेकवताना तरंगांची टोके छाटली गेली होती आणि आवाज फाटला होता. हीच गाणी 'गिटार हिरो' या संगणकीय खेळातही होती आणि तेथे ती पुष्कळ मोकळी वाजत होती. श्रोत्यांनी दोन्ही प्रती ताडून पाहिल्या आणि हजारोंनी नव्या प्रतीची मागणी केली. छाटलेले टोक नंतर आवाज कमी करून परत येत नाही, हे त्या निमित्ताने सर्वांच्या लक्षात आले.

संगणक घरात आल्यावर

१९८१ चा आयबीएमचा घरगुती संगणक जेमतेम शिट्टीसारखा आवाज काढत असे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर कार्ड १९८९ मध्ये आले आणि त्या दशकाअखेरपासून संगणक बोलू-गाऊ लागला. पुढे एमपी-थ्री पद्धतीने गाणी लहान जागेत मावू लागली. तोवर तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजे आणि आवाज एकदाच ठरवावा लागे. आता १९५० चे आणि २००० चे गाणे एकाच यादीत शेजारी बसले आणि पन्नास वर्षांच्या सवयींतला फरक घरात ऐकू येऊ लागला.

त्यावर पहिला उपाय निघाला तो शिखरे जुळवण्याचा. 'नॉर्मलाइझ' असे बटण दाबले की प्रत्येक गाण्याचे सर्वांत उंच शिखर छताला लागे. फरक मात्र मिटत नसे, आणि तो का मिटत नसे हे वरच्या दोन वर्गांवरून ध्यानात येईल. २००१ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी 'रिप्लेगेन' नावाची पद्धत सुचवली. तिच्यात गाणे आधी कानाच्या आवडीनिवडीनुसार गाळून घेतात. मग त्याचे पन्नास-पन्नास मिलिसेकंदांचे तुकडे करून प्रत्येकाची सरासरी शक्ती काढतात आणि ते तुकडे चढत्या क्रमाने लावतात. शंभरातले पंच्याण्णव तुकडे ज्या पातळीखाली राहतात, ती त्या गाण्याची पातळी. ठरलेल्या पातळीशी तिचा जो फरक येतो तो फाइलमध्ये चिठ्ठीसारखा लिहून ठेवतात. वाजवणारा प्रोग्रॅम चिठ्ठी वाचून आवाज कमीजास्त करतो आणि मूळ ध्वनीला हात लागत नाही. संपूर्ण संचासाठी वेगळी चिठ्ठी असते. ती वापरली की संचातली हळुवार गाणी हळुवारच राहतात.

प्रसारणाच्या क्षेत्रात आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये असेच कानाला धरून केलेले माप प्रमाण ठरवले. युरोपीय प्रसारण संघाने २०१० मध्ये कार्यक्रमांची सरासरी छतापासून २३ एकके खाली ठेवण्याची शिफारस केली. यातले एक एकक एका डेसिबलएवढे असते. जाहिराती कार्यक्रमापेक्षा मोठ्या वाजू नयेत म्हणून अमेरिकेत डिसेंबर २०१० मध्ये कायदा झाला आणि डिसेंबर २०१२ पासून तो अमलात आला. इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या मोठ्या सेवाही नंतर सरासरी जुळवू लागल्या. मोठे केलेले गाणे तेथे आपोआप खाली उतरते, मग ते छताला टेकवून मिळवायचे काय? चढाओढीतली हवा त्यामुळे बरीच निघाली. उपदेशाने जे झाले नव्हते ते माप बदलल्यावर झाले.

आपण काय करावे?

तक्रार आली की आधी एवढे पाहावे: सगळ्याच फाइली हळू वाजतात की काहीच? सगळ्याच हळू वाजत असतील तर वाजवणारा प्रोग्रॅम, संगणकाची प्रणाली आणि स्पीकर या तिन्ही ठिकाणचे आवाजाचे नियंत्रण क्रमाने तपासावे. विंडोज ७ पासून एक सोय अशी आहे की संगणकावरून संभाषण सुरू झाल्याचे कळताच इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी केले जातात. ध्वनीच्या मांडणीत ती बंद करता येते. एकाच बाजूचा स्पीकर मुका असेल तर पिन पूर्ण आत गेली आहे का ते पाहावे. फरक फाइलीफाइलींत असेल तर मात्र यंत्र उघडू नये. कानाला धरून मापणारी सोय प्रोग्रॅममध्ये चालू करावी.

हे सारे वर्गात दाखवता येईल. 'ऑडॅसिटी' हा २००० साली निघालेला प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यावर पेटीचा एक सूर आणि थांबत थांबत वाजवलेल्या टाळ्या मुद्रित कराव्यात. दोन्हींची शिखरे 'नॉर्मलाइझ'ने सारखी करावीत आणि मोठे काय वाटते ते मुलांना विचारावे. मग 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' वापरून पुन्हा ऐकावे. अंतर बरेच कमी झालेले कळेल आणि पडद्यावर पेटीची आकृती लहान झालेली दिसेल.

शेवटी एक विनंती. अनेक घरांत बैठकींच्या आणि नाट्यगीतांच्या जुन्या कॅसेटी आहेत आणि त्या संगणकावर उतरवण्याचे काम आज घरोघर होते आहे. ख्याल खर्जात, दबक्या स्वरात सुरू होतो आणि तासाभराने तारसप्तकात पोहोचतो. हा चढ हीच त्याची मांडणी आहे. नीट ऐकू येत नाही म्हणून आवाज दाबून-उचलून सपाट केलेली प्रत ठेवली आणि कॅसेट टाकून दिली, तर तो चढ कायमचा गेला. म्हणून पहिली प्रत जशीच्या तशी, शिखरांना थोडी मोकळी जागा सोडून घ्यावी आणि जपून ठेवावी. दुरुस्त्या करायच्या त्या दुसऱ्या प्रतीवर.