बाबासाहेबांचा ग्रोट आपल्या बुकस्टॉलवर का नाही?

संविधानिक नैतिकता हा शब्द आज आपल्या प्रत्येक भाषणात असतो. २६ नोव्हेंबरला तो फ्लेक्सवर झळकतो. नाझ फाउंडेशनच्या २००९ च्या निकालात, शबरीमलाच्या २०१८ च्या निकालात न्यायाधीशांनीही त्याचा आधार घेतला. पण हा शब्द आला कुठून, असे एखाद्या कार्यकर्त्याला विचारा. "बाबासाहेबांनी दिला," एवढेच उत्तर मिळेल. ते अर्धेच उत्तर आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी स्वतः नाव घेऊन सांगितले होते की ही कल्पना ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रोटची आहे.

हा ग्रोट कोण?

जॉर्ज ग्रोट, जन्म १७९४, लंडनच्या सावकारी पेढीवाल्या घरातला. विद्यापीठाची पायरी तो चढलाच नाही. बापाने शाळेतून काढून पेढीवर बसवला. दिवसा बँक आणि पहाटे-रात्री ग्रीक, असा त्याचा अभ्यास चालला. त्याच्या आधी इंग्लंडमध्ये ग्रीसचा इतिहास म्हणजे विल्यम मिटफर्डचा इतिहास. मिटफर्ड जमीनदार वर्गाचा माणूस, लोकशाहीचा कट्टर वैरी. अथेन्समध्ये सामान्य माणसाच्या हातात सत्ता गेली आणि सत्यानाश झाला, हे दाखवण्यासाठीच जणू त्याने ते खंड लिहिले. ग्रोटने त्याला उत्तर म्हणून १८४६ ते १८५६ या दहा वर्षांत बारा खंड काढले. इतिहासकार वर्गनिरपेक्ष असतो असे अजूनही मानणाऱ्यांनी हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत.

एकच उदाहरण देतो. अथेन्समध्ये क्लिऑन नावाचा पुढारी होऊन गेला. त्याचा धंदा चामड्याचा. नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसने त्याच्या कातडी कमावण्याच्या वासावरून रंगमंचावर त्याची यथेच्छ टिंगल केली, आणि पुढची दोन हजार वर्षे पंडितांनी त्या टिंगलीलाच इतिहास मानले. ग्रोटने विचारले: विनोदी नाटकातली शिवीगाळ हा पुरावा कधीपासून झाला? क्लिऑन काही संत नव्हता. मितिलिनी शहरातले सगळे पुरुष मारून टाका असा ठराव त्यानेच मांडला होता, आणि ग्रोटने ते झाकले नाही. पण माणसाच्या धंद्यावरून त्याची लायकी ठरवणाऱ्या इतिहासाला त्याने कोर्टात उभे केले. "शूद्र पूर्वी कोण होते?" हा प्रश्न १९४६ साली ग्रंथरूपाने विचारणाऱ्या माणसाला असा इतिहासकार जवळचा वाटला असेल, तर नवल नाही.

त्याची दुसरी बाजू आपल्याला अधिक उपयोगाची. १८३२ साली ग्रोट पार्लमेंटवर निवडून आला आणि पुढच्या वर्षापासून त्याने गुप्त मतदानाचा ठराव पुन्हा पुन्हा मांडला. तेव्हा इंग्लंडमध्ये मतदान उघड होते. मतदाराने सगळ्यांसमोर उमेदवाराचे नाव सांगायचे, आणि ते ऐकायला जमीनदाराचा कारभारी हजर. ग्रोटचा ठराव दर वेळी पडला. वेल्समध्ये १८६८ च्या निवडणुकीनंतर मालकाच्या मर्जीविरुद्ध मत दिले म्हणून कुळांना जमिनीवरून हुसकावले गेले. कायदा झाला १८७२ साली, ग्रोट मेल्यानंतर वर्षभराने. पाटलाच्या वाड्यासमोरून मतदान केंद्राकडे गेलेल्या आपल्या आजोबांच्या पिढीला हा विषय वेगळा समजावून सांगावा लागला नसता.

आता संविधान सभेकडे या. मसुद्यात कारभाराचे इतके बारीकसारीक तपशील कशाला, असा आक्षेप होता. बाबासाहेबांनी उत्तरात ग्रोट काढला. राज्यघटनेच्या रीतींचा आदर आणि सत्ताधाऱ्यांवर मोकळी टीका करण्याचा हक्क, दोन्ही एकाच वेळी समाजात मुरलेले असणे ही ग्रोटची संविधानिक नैतिकता. ती भारतात मुरलेली नाही, ती मुरवावी लागेल, असे बाबासाहेबांचे निदान होते. आणि घटनेचे एक अक्षर न बदलता, केवळ कारभाराची पद्धत बदलून घटना आतून पोखरता येते, हा त्यांचा इशारा होता. म्हणून तपशील घटनेतच हवेत. हा सगळा युक्तिवाद सोडून आपण फक्त शब्द उचलला.

ग्रोट एकटा नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात जॉन स्टुअर्ट मिल आहे, जातिनिर्मूलनाच्या ग्रंथात डायसी आणि मॅथ्यू अरनॉल्ड, १९४३ च्या रानड्यांवरच्या भाषणात कार्लाइल आणि बकल.

इथे आपल्यातलेच काही भाऊ विचारतात, गोऱ्यांची ही पुस्तके कशाला? आणि बाहेरचे म्हणतात, बघा, इंग्रजधार्जिणे! दोघांनी नाशिककडे पाहावे. विनायकराव सावरकरांनी लंडनमध्ये बसून मॅझिनी मराठीत आणला, १९०७ साली बाबारावांनी तो प्रसिद्ध केला, सरकारने जप्त केला. परदेशी माणसाचे चरित्र मराठीत आणणे हे तेव्हा देशकार्य ठरले. मग ग्रोट वाचणारा धार्जिणा कसा? २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकाराने सुरू झाला, तेव्हा बंद दारांच्या बंदोबस्ताला पोलीस इंग्रज सरकारचेच होते. त्याच वर्षी गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजांना तोंडावर विचारले की तुमच्या राज्यात आमच्यासाठी विहीर, मंदिर, पोलीस खाते यांतले काय खुले झाले? मिलने १८२३ ते १८५८ ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी केली आणि मागासलेल्या समाजांना आपले स्वातंत्र्याचे तत्त्व लागू नाही असे लिहिले. कंपनीच्या कारभारावर १९१५ साली कोलंबियात प्रबंध लिहिणाऱ्या बाबासाहेबांना मिलची ही बाजू शिकवायला कोणी नको होते. त्यांनी मिलकडून हवे ते घेतले आणि मिलने ज्यांना वगळले होते, त्यांच्याच हाती दिले. फुल्यांनी थॉमस पेनचे हेच केले होते.

नाशिकला सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, म्हणजे ग्रोटच्या पहिल्या खंडाच्याही सहा वर्षे आधीपासून. पण वाचनालयाकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर आपले स्टॉल लागतात, लाखो लोक पुस्तके विकत घेतात. एवढा मोठा वाचक दुसऱ्या कोणाकडे नाही. त्याला आपण पुन्हा पुन्हा तीच तीन-चार संकलने, नवे मुखपृष्ठ चढवून विकतो.

ग्रोट १८७१ साली गेला, मिल १८७३ साली, डायसी १९२२ साली. कोणाची परवानगी नको, कोणाला मानधन नको. बारा खंडही नकोत. चौथ्या खंडात क्लेइस्थेनिसवरचे एकतिसावे प्रकरण आहे, बाबासाहेबांनी घेतलेला उतारा त्याच प्रकरणातला. तेवढे प्रकरण, सोबत ४ नोव्हेंबरचे भाषण, ग्रोटचे आठ-दहा पानी चरित्र आणि गुलाम व स्त्रिया वगळून उभ्या राहिलेल्या अथेन्सच्या लोकशाहीवर आपली स्वतःची टीप. इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली पोरे आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. तिघांनी वाटून घेतले तर अनुवाद पावसाळ्यात संपेल, आणि ६ डिसेंबरला तो स्टॉलवर ठेवता येईल.