संशोधनातले हितसंबंध: काय जाहीर करायचं आणि ठरवायचं कोणी?

अमेरिकेत एखाद्या विद्यापीठात संशोधन प्रकल्पावर रुजू झालं की बऱ्याचदा एक ऑनलाइन फॉर्म समोर येतो: 'बाहेरचे आर्थिक हितसंबंध जाहीर करा.' माझ्या ओळखीतले बरेच इंजिनिअर पुण्या-बंगळुरूच्या स्टार्टअपमध्ये दोन-तीन वर्षं काढून पीएचडीला गेले आहेत. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "जुन्या कंपनीचे ईसॉप्स आहेत, ते लिहायचे का? लिहिले तर लफडं होईल का?"

कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट म्हणजे काय?

निकाल एका विशिष्ट बाजूने लागला तर संशोधकाचा फायदा होणार असेल, तर नकळतही तराजू झुकू शकतो. कोणता डेटा वगळायचा, चाचणी कधी थांबवायची, असे निर्णय त्यालाच घ्यायचे असतात. या परिस्थितीला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. त्यासाठी कोणी गैरप्रकार केलेला असावा लागत नाही.

१९९९ची घटना

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जीन थेरपीच्या चाचणीत १८ वर्षांच्या जेसी गेल्सिंगरचा मृत्यू झाला. तिथल्या जीन थेरपी संस्थेचे प्रमुख डॉ. जेम्स विल्सन यांनी जेनोव्हो नावाची कंपनी स्थापन केली होती. त्यांचा आणि विद्यापीठाचा त्या कंपनीत हिस्सा होता आणि ती त्यांच्या संस्थेला निधीही देत होती.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की हे लपवलेलं नव्हतं. संमतीपत्रात आर्थिक हितसंबंध असल्याचं वाक्य होतं. ते किती मोठे आहेत हे मात्र नव्हतं. आधीच्या रुग्णांमधले गंभीर दुष्परिणाम नीट कळवले गेले नाहीत, असं नंतर एफडीएच्या तपासात आढळलं. हे पैशामुळे घडलं असं म्हणता येत नाही, पण पैशाचा संबंध नव्हता हे छातीठोकपणे सांगण्याची सोयही कोणाकडे उरली नाही. म्हणजे एक ओळ लिहून टाकली की जबाबदारी संपली, असं होत नाही.

२०११चा बदल

अमेरिकी आरोग्य खात्याचे, म्हणजे मुख्यतः एनआयएचच्या निधीला लागू असलेले नियम २०११ मध्ये कडक झाले. पूर्वी आपला कोणता हितसंबंध संशोधनाशी निगडित आहे, हे संशोधकच ठरवायचा. आता त्याने आपल्या विद्यापीठातल्या कामाशी संबंध येईल असं सगळं सांगायचं आणि संघर्ष आहे की नाही हे विद्यापीठाने ठरवायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर, स्वतःचा पुल रिक्वेस्ट स्वतःच अप्रूव्ह करायचा नाही.

काय सांगावं लागतं?

- लिस्टेड कंपनी: मागच्या १२ महिन्यांतलं मानधन आणि शेअर्स मिळून ५,००० डॉलरच्या वर (पूर्वी ही मर्यादा १०,००० होती).
- अनलिस्टेड कंपनी: ५,००० डॉलरच्या वर मानधन, किंवा कितीही शेअर्स. स्टॉक ऑप्शन्सही यात येतात.
- पती-पत्नी आणि अवलंबून असलेल्या मुलांचे हितसंबंध.
- बाहेरच्या कंपनीने केलेला प्रवासखर्च.

म्युच्युअल फंडात गुंतवणुकीचे निर्णय आपल्या हातात नसतील, तर ते सांगावे लागत नाहीत. फॉर्म दरवर्षी भरायचा आणि नवीन काही हाती आलं तर ३० दिवसांत कळवायचं. 'इन्व्हेस्टिगेटर' म्हणजे फक्त प्राध्यापक नव्हे. संशोधनाची आखणी, अंमलबजावणी किंवा मांडणी ज्याच्या जबाबदारीवर आहे तो प्रत्येक जण, पद कोणतंही असो. इतर निधीसंस्थांचे नियम थोडे वेगळे असतात.

सांगितल्यावर काय होतं?

बहुतेक वेळा काहीच नाही. संघर्ष आढळला तर मॅनेजमेंट प्लॅन बनतो: शोधनिबंधात उल्लेख करायचा, डेटाचं विश्लेषण त्रयस्थाने करायचं, रुग्णांची निवड दुसऱ्याने करायची, क्वचित शेअर्स विकायचे.

म्हणून ईसॉप्सच्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे. कंपनीचं काम तुमच्या संशोधनाच्या आसपास कुठेही असेल, तर लिहा. आज त्या ऑप्शन्सची किंमत शून्य वाटली तरी लिहा. शंका असेल तर विद्यापीठाच्या संबंधित ऑफिसला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. जाहीर करणं हा गुन्ह्याचा कबुलीजबाब नाही. उद्या कोणी तुमच्या निकालावर बोट ठेवलं, तर तीच नोंद तुमच्या बाजूने उभी राहते.